आखूड कानांचे रसिक

आमच्या सुशिक्षित घरांत संगीताविषयी जी मते विनाचौकशी चालू असतात, त्यांत एक असे आहे की, विजेच्या गिटारी आणि ढोल यांचा जो दीर्घ, शब्दहीन नाद हल्लीची काही मुले कानांना यंत्र लावून वीस-वीस मिनिटे ऐकत बसतात, तो संगीत नसून गोंगाट आहे. आणि तो ऐकणारा मुलगा एक तर वेळ फुकट घालवीत आहे, किंवा कोणत्यातरी परकीय वेडाच्या आहारी गेला आहे. हे मत बोलून दाखविणारे गृहस्थ अरसिक असतात असे मुळीच नाही. भीमसेन जोशींच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या संग्रही असतात, नाट्यपदे त्यांना मुखोद्गत असतात, आणि कोणत्या रागात कोणता स्वर वर्ज्य हेही त्यांतील कित्येकांना ठाऊक असते. परंतु ज्या वस्तूविषयी ते निकाल देतात, ती वस्तू त्यांनी आरंभापासून अखेरपर्यंत एकदाही ऐकलेली नसते. या लेखाचा हेतू त्या संगीताची तरफदारी करण्याचा नाही. न ऐकता दिलेला निकाल हा निकालच नव्हे, आणि आमच्या मूलसारख्या तालुक्याच्या गावी असा निकाल एखाद्या मुलाच्या रसिकतेला कायमचा बाधक होतो, एवढेच आम्हांस येथे प्रतिपादावयाचे आहे.

प्रथम ही वस्तू कोणती ते नीट सांगितले पाहिजे. कारण 'रॉक' हा शब्द उच्चारताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे केस वाढवून किंचाळणारा गवई उभा राहतो. येथे बहुधा गवई नसतोच. दोन-तीन विजेच्या गिटारी, एक खर्जाची गिटार, पाश्चात्त्य पद्धतीचा ढोलांचा संच, क्वचित व्हायोलिन, बासरी किंवा पियानो, एवढा सरंजाम. आणि त्यातून एकच रचना पंधरा, वीस, पंचवीस मिनिटे उलगडत जाते. इंग्लंडातील माइक ओल्डफील्ड या विशीतल्या तरुणाने १९७३ साली 'ट्युब्युलर बेल्स' ही रचना प्रसिद्ध केली. ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजू हेच तिचे दोन भाग. दोन्ही मिळून सुमारे ४९ मिनिटांचे वादन. बहुतेक वाद्ये त्याने स्वतःच वाजवून एकावर एक मुद्रित केली. आरंभीची सुरावट सात आणि आठ अशा मात्रांच्या जोडीने चालते, म्हणजे तिचे आवर्तन पंधरांचे होते. आमच्या पंचम सवारी तालाच्या मात्राही तितक्याच. विभागणी मात्र निराळी. हा हिशेब ऐकणाऱ्याला प्रथम कळत नाही. काहीतरी लंगडत, तरीही तोल न सोडता चालले आहे, एवढेच जाणवते. पहिल्या भागाच्या शेवटी एकेका वाद्याचे नाव पुकारले जाते, ते ते वाद्य पुढे होऊन तीच सुरावट वाजविते, आणि सर्वांच्या शेवटी ज्या नळ्यांच्या घंटांवरून रचनेस नाव मिळाले, त्या वाजतात.

दुसरे उदाहरण अलीकडचे. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरच्या 'मॉग्वाय' या वादकमंडळाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या संग्रहाच्या शेवटी सोळा मिनिटांची एक रचना ठेवली आहे. तिच्यात मोजकेच स्वरगट फिरून फिरून येतात. ढोल त्यांना कधी पुढे लोटतो, कधी मागे खेचतो; मध्येच सारे इतके शांत होते की, रचना संपली असे वाटावे; मग बासरीचा एक धागा ऐकू येतो; आणि पुन्हा तेच स्वरगट सर्व शक्तीनिशी कोसळतात. तिसरे उदाहरण कॅनडातील माँट्रिअलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या नऊ जणांच्या मंडळाचे. त्यांच्या २००० सालच्या संग्रहात रचना चारच, आणि वेळ मात्र जवळजवळ दीड तास. त्यात गाणे जवळजवळ नाहीच. पण एका ठिकाणी एक वृद्ध मनुष्य न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्याच्या आपल्या तरुणपणच्या आठवणी सांगताना ऐकू येतो. तो बोलायचा थांबतो, आणि त्याला जे सांगता आले नाही ते सांगण्याचे काम वाद्ये हाती घेतात.

वस्तू ही अशी आहे. आता तिच्यावरील आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, यात शब्द नाहीत, म्हणून अर्थही नाही. हा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडी फार सहज येतो, कारण आमचे सारे संगीतप्रेम शब्दांच्या आश्रयाने वाढलेले आहे. अभंग, लावणी, नाट्यपद, भावगीत ही आमची चार घरे. आणि चारही ठिकाणी शब्द हा यजमान व स्वर हा पाहुणा. वाद्य म्हणजे साथ, अशीच आमची मनोमन समजूत असते. स्वतंत्र वादनाचे कौतुक करावयाचे झाले तरी "सतार अगदी गाते हो!" असे म्हणून आम्ही ते करतो, जणू वाद्याने वाद्य राहणे हा त्याचा दोषच! परंतु याच रसिकांपुढे कोणी तराणा गाइला तर ते माना डोलावतात. तराण्यातील 'दीम्' आणि 'तनन' यांचा कोणता अर्थ त्यांना लागलेला असतो? पनवेलजवळ पळस्पे येथे राहून ज्यांनी शिष्य तयार केले, ते उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणेवर एकाच रागाचा आलाप तासाहून अधिक वेळ करीत. त्यात शब्द नसे, आणि पखवाज सुरू होईपर्यंत तालही नसे. एकेका स्वरापाशी इतका वेळ थांबणे की, त्या स्वराच्या आतले लहान लहान प्रदेश ऐकणाऱ्याला दिसू लागावेत, हीच त्यांची रीत. १९९० साली ते निवर्तले; ते वादन निरर्थक होते असे म्हणण्यास आजचा एकही आक्षेपक धजणार नाही. मग जो नियम वीणेला नाही, तो गिटारीलाच का?

याहून जवळचे उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरच आहे. गडचिरोलीच्या जंगलातील माडिया आणि गोंड लोकांची रेला नृत्ये पाहण्यास आमची सुशिक्षित मंडळी हौसेने जातात. रात्र चढत जाते, ढोल एकाच लयीत चालू राहतो, फेर धरलेली माणसे पुढेमागे झुलतात, आणि ज्या शब्दावरून त्या गाण्यांना नाव मिळाले तो शब्द कडव्याकडव्यास परत येतो. पाहुण्यांपैकी शंभरात नव्याण्णवांना गोंडीचे अक्षर कळत नाही. तरी परत आल्यावर ते सांगतात की, अंगावर काटा उभा राहिला. त्यांचा हा अनुभव खराच आहे. पण तो कशामुळे आला याचा त्यांनी क्षणभर विचार करावा. अर्थामुळे नव्हे; पुनरावृत्तीमुळे, लयीमुळे, आणि वेळ विसरल्यामुळे आला. हीच तीन साधने घेऊन घरातला मुलगा आपल्या खोलीत बसला, म्हणजे मात्र त्याला आम्ही विचारतो, "अरे, यात काय आहे?"

दुसरा आक्षेप लांबीचा. "पाच मिनिटांत सांगता येते त्याला पंचवीस कशाला?" या प्रश्नात संगीत म्हणजे निरोप आहे असे गृहीत धरलेले असते, आणि निरोप थोडक्यात सांगावा हे खरेच. परंतु ही आखूडपणाची आवड आमची मूळची आहे काय? वस्तुतः ती एका यंत्राची देणगी आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे तबकडीवर घेण्यात आले; तेव्हापासून पुढे निम्मे शतक लोटेपर्यंत तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नसे. मिरजेचे अब्दुल करीम खाँ, ज्यांची मैफल ऐकण्यास लोक रात्र जागवीत, त्यांनाही आपली झिंझोटीतील ठुमरी त्या तीन मिनिटांत बसवावी लागली. तेवढ्या अवकाशात त्यांनी जे केले ते अद्भुतच आहे. परंतु ती यंत्राची अडचण होती, संगीताचा धर्म नव्हता. आमचे भावगीत त्याच तबकडीवर जन्मास आले आणि तिच्याच मापाने वाढले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ वादनाची तबकडी निघाली व एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. वर सांगितलेल्या रॉक रचनांपैकी जुन्या रचनांची लांबी त्या मापाशी का जुळते, हे यावरून ध्यानात येईल. म्हणजे त्यांनी नव्या यंत्राने दिलेली जागा वापरली. आणि आम्ही यंत्र बदलून गेल्यावरही जुन्या यंत्राचे माप कानात जपून ठेवले, व त्याला अभिरुची असे नाव दिले.

आणि आमचे लोक लांब बसू शकत नाहीत, असे कोणी म्हणावे? १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आलेल्या 'संगीत शाकुंतला'त दोनशेंवर पदे होती. ते जुने झाले म्हणावे तर मूलच्या आसपासची झाडीपट्टी पाहावी. धान घरात आले, दिवाळी झाली, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतील गावांत शंकरपट आणि मंडई भरते, आणि रात्री नाटक उभे राहते. वडसा येथून नाटकमंडळ्या निघतात. रात्री नऊ-दहाला पडदा वर जातो आणि पहाट होईपर्यंत खेळ चालतो. पौषाच्या थंडीत कांबळी पांघरून हजारो माणसे बसलेली असतात, आणि सकाळी त्यांपैकी कित्येकांना शेतावर जावयाचे असते. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांस अभिमान वाटला. जेथील शेतकरी रात्रभर बसून एक खेळ ऐकतो, तेथील वकील, प्राध्यापक आणि डॉक्टर यांनी वीस मिनिटे फार लांब म्हणावी, यात दोष लांबीचा नाही.

यावर कोणी म्हणेल की, नाटकात कथा असते. पुढे काय होणार या उत्सुकतेने माणूस बसतो. मान्य आहे. परंतु दीर्घ वाद्यरचनेतही पुढे काय होणार हीच उत्सुकता असते. फक्त ती पात्रांविषयी नसून स्वरांविषयी असते. एक लहानशी सुरावट येते. ती दहा वेळा तशीच येते, आणि अकराव्या वेळी तिच्याखालचा खर्जाचा स्वर बदलतो. ज्याने पहिल्या दहा वेळा ऐकल्या, त्याला तो बदल भूकंपासारखा वाटतो. ज्याने मधूनच कान लावला, त्याला काहीच झालेले दिसत नाही. म्हणूनच ही रचना तुकड्याने ऐकता येत नाही. "जरा दाखव पाहू काय ऐकतोस," असे म्हणून मधलीच अर्धी मिनिट ऐकणे, आणि तेवढ्यावर निकाल देणे, म्हणजे नाटकाच्या तिसऱ्या अंकात पाच मिनिटे डोकावून "हा मनुष्य उगाच का रडतो?" असे विचारण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप परकीयतेचा. हा ऐकून तर हसावे की रडावे ते कळत नाही. ज्या पेटीवर आमचे सारे नाट्यसंगीत उभे राहिले, ती युरोपातून आली. ती परकी व स्वरांना मारक म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दारात उभे केले नव्हते. त्या वेळी तिच्या बाजूने कंठशोष करणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ होती. झाडीपट्टीच्या नाटकातला ऑर्गन तरी कोठला? आणि व्हायोलिन? वाद्य कोणत्या देशी जन्मले यावरून त्याची जात ठरविण्याचा उद्योग आम्ही पूर्वी एकदा करून पाहिला, व त्यात आम्हीच तोंडघशी पडलो.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हे संगीत आमच्याकडे परके म्हणून येते खरे, पण त्याच्या लांबीचे मूळ पाहू गेल्यास ते पुष्कळ अंशी आमच्याच अंगणात सापडते. १९६६ साली शिकागोच्या पॉल बटरफील्ड ब्लूज बँडने 'ईस्ट-वेस्ट' नावाची तेरा मिनिटांची रचना मुद्रित केली. रॉकमध्ये इतके लांब, शब्दाशिवायचे वादन त्यापूर्वी क्वचितच कोणी केले असेल. तिचा गिटारवादक माइक ब्लूमफील्ड भारतीय रागसंगीताने भारून गेला होता, आणि रचना आकार घेत असताना ती मंडळी आपसांत तिला 'राग' असेच म्हणत. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील उत्सवात पंडित रविशंकर यांनी दुपारभर सतार वाजविली, आणि श्रोत्यांत त्या काळचे रॉकवादक बसले होते.

दुसरा प्रवाह तंबोऱ्याचा. एकच स्वर धरून ठेवणे व त्याच्या पोटातील सूक्ष्म नाद ऐकणे, हा न्यूयॉर्कच्या ला माँट यंग यांचा ध्यास होता. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या मंडळात व्हायोला वाजविणारा जॉन केल पुढे 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉकमंडळाच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि तो अखंड धरलेला स्वर त्याने आपल्याबरोबर नेला. यंग यांनी १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांना अमेरिकेस नेले, व ते स्वतः आणि टेरी रायली असे दोघेही त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. अब्दुल वहीद खाँ हे मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांचे आप्त, आणि संथ, दीर्घ आलापीसाठी विख्यात. याच रायलींच्या नावाशी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मेहेरबाबांचे नाव जोडून 'हू' या इंग्रज मंडळाने १९७१ साली आपल्या एका प्रख्यात गाण्याचे नाव ठेवले. सारांश, मिरजेत तंबोरा घडावा, त्याच्या नादावर एक घराणे पोसले जावे, त्या घराण्याचा एक गवई समुद्रापार जावा, आणि तिकडे त्याला शिष्य मिळावेत. आणि त्याच नादाचे एक रूप गिटारीच्या वेषात परत येऊन आमच्या दारी उभे राहिले, म्हणजे आम्ही त्याला ओळखू नये! आम्ही असे म्हणत नाही की, हे संगीत म्हणजे रागसंगीत. त्यात रागाचे व्याकरण नाही, समेवर येण्याचा आनंद नाही, एका गुणी कलावंताने क्षणोक्षणी नवे निर्माण करण्याची रीतही नाही. रचना बहुधा आधीच बांधलेली असते आणि श्रेय सगळ्या मंडळाचे असते. भेद मोठा आहे. पण तो भेद दोन शेजाऱ्यांमधला आहे, हे ध्यानात ठेवावे.

चौथा आक्षेप गोंगाटाचा. यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. कानांना यंत्र लावून मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकणे श्रवणशक्तीस अपायकारक आहे. प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांहून जास्त ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ते मुलांना अवश्य सांगावे, आणि आवाज कमी करवून घ्यावा. परंतु हा आक्षेप आम्ही कोणत्या तोंडाने घेतो? सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती जेव्हा घराच्या काचा हादरवितात, तेव्हा हेच गृहस्थ दारात उभे राहून कौतुकाने पाहतात. तेथे आवाज चालतो, कारण तो सर्वांचा असतो. खोलीतील मुलाचा आवाज चालत नाही, कारण तो त्याचा एकट्याचा असतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कारटा! शिवाय या संगीतातील मोठा आवाज हा त्यातील शांततेच्या तुलनेने मोठा असतो. त्या मॉग्वायच्या रचनेत मधली जवळजवळ निःस्तब्ध मिनिटे नसती, तर शेवटच्या कोसळण्याला काही किंमत उरली नसती. डीजेच्या भिंतीत शांततेला जागाच नसते. ज्याला गोंगाट म्हणावयाचे तो हाच.

येथपर्यंत आम्ही वडीलधाऱ्यांशी भांडलो. आता या संगीताच्या तरुण भक्तांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. कारण त्यांचे वर्तनही निर्दोष नाही.

पहिली गोष्ट, यातले सारेच चांगले आहे असा त्यांचा जो आविर्भाव असतो, तो खोटा आहे. हळू आरंभ करावयाचा, थरावर थर चढवावयाचे, आणि शेवटी सारे एकदम फोडावयाचे, हा या पंथाचा ठरीव साचा होऊन बसला आहे. एका मंडळाने तो मनापासून वापरला, शंभरांनी नक्कल केली. शंभरांत नव्वद रचना अशा असतात की, दुसऱ्या मिनिटाला चौदाव्या मिनिटाचे भविष्य सांगता यावे. आमच्या देशातही तरुण मंडळी आता हे संगीत रचू लागली आहेत. 'अ‍ॅजवीकीपसर्चिंग' या मंडळाचा २०१५ सालचा 'ख्वाब' हा संग्रह त्यांपैकीच. त्यांचे खरे हित व्हावयाचे तर त्यांना टाळ्या नकोत, टीकाकार हवेत. आणि भक्त हा टीकाकार होऊ शकत नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी जो जलसा झाला, त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्ये नुसती लावून घेतली, तोच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यावर रविशंकरांनी हसत हसत, लावणेच इतके आवडले असेल तर वाजविणे याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. आदर होता, ऐकणे नव्हते. आमच्या तरुणांतही असे आदरी बहिरे थोडे नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक वाईट. यांतील पुष्कळजण हे संगीत अभ्यास करताना, गणिते सोडविताना, झोप यावी म्हणून लावून ठेवतात. त्यात शब्द नाहीत, म्हणून ते आड येत नाही, हीच त्याची थोरवी त्यांच्या लेखी असते. म्हणजे वडील ज्याला शब्दांवाचून निरर्थक म्हणतात, त्याचाच शब्दांवाचून निरुपद्रवी म्हणून मुलगा उपयोग करतो. दोघांचाही अपराध एकच: दोघेही ऐकत नाहीत. आणि एवढे करून हाच मुलगा झाडीपट्टीच्या नाटकाला 'गावंढळ' म्हणून नाक मुरडतो, तेव्हा तर त्याच्या रसिकतेविषयी संशयच येतो. ज्याला खरोखर वीस मिनिटांच्या वादनात बुडता येते, त्याला पहाटेपर्यंत बसलेल्या त्या शेतकऱ्याविषयी आदरच वाटला पाहिजे. कारण लक्ष लावून बसण्याची विद्या दोघांची एकच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या सर्व वादात एवढे काय अडले आहे, असे वाचक विचारतील. एका मुलाला एक संगीत आवडते, त्याच्या आईबापांना आवडत नाही. घरोघरी मातीच्या चुली. परंतु पुण्यामुंबईच्या मुलाची आणि आमच्याकडील मुलाची स्थिती एक नाही. मुंबईत १९७८ साली रंगभवनात जॅझ यात्रा सुरू झाली. पुण्यात २०१० पासून एनएच-सेव्हन वीकेंडर नावाचा नव्या संगीताचा उत्सव भरू लागला. तेथील मुलाला घरी कोणी हसले, तरी चार मित्र मिळतात, प्रत्यक्ष वादन ऐकण्याची संधी मिळते, वाद घालावयास कोणीतरी भेटते, आणि वादातून त्याची आवड तावून सुलाखून निघते. मूलला यांपैकी काही नाही. येथे तांदळाच्या गिरण्या आहेत, पलीकडे जंगल आहे, शाळा-महाविद्यालये आहेत. पण वाद्यसंगीत बसून ऐकण्याची जागा नाही. स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांवरील नाच होतो, आणि सांस्कृतिक कार्य तेथेच समाप्त होते. येथील मुलाच्या हाती तारायंत्रासारखा एक लहानसा फोन, तेवढीच त्याची मैफल. त्या फोनमधून त्याला दूरच्या एका देशातील नऊ माणसांचे वादन सापडले, ते कोणी न सांगता त्याने वीस मिनिटे ऐकले, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकले, आणि ते कोणास तरी ऐकवावे असे त्याला वाटले. त्या क्षणी त्याच्याजवळ घरचीच माणसे असतात. ती हसली, म्हणजे अपील करावयास वरचे न्यायालय नाही.

आणि मग काय होते? तो ऐकणे सोडतो असे नाही. तो ऐकविणे सोडतो. जी आवड चारचौघांत बोलून पारखता आली असती, ती खोलीच्या दाराआड एकटी पडते. तिला ना टीका मिळते, ना सोबत. कालांतराने तो एक तर ती टाकून देतो, किंवा तिचा अहंकार करतो. दोन्ही मार्गांनी एक चांगला श्रोता नष्ट होतो. त्याहून मोठी हानी अशी की, जी गोष्ट लगेच समजत नाही ती हसण्यासारखी असते, हा धडा तो घरीच शिकतो. आणि उद्या तो हाच धडा रुद्रवीणेला, गोंडी गाण्याला, कठीण कवितेला, आणि आपल्याहून निराळ्या माणसालाही लावतो. संगीताचे नुकसान होवो न होवो, घराचे होते.

यावर उपाय मोठा खर्चाचा नाही. महिन्यातून एका संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक संपूर्ण रचना ऐकावी. एकदा मुलाने निवडावी, एकदा वडिलांनी. मुलाने आपल्या पाळीस ट्युब्युलर बेल्सचा पहिला भाग लावावा; तो सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे, आणि त्यात वाद्ये स्वतःची ओळख करून देतात, म्हणून नवख्यास सोपा. वडिलांनी आपल्या पाळीस डागरांचा एखादा आलाप लावावा. आवाज बेताचा असावा. जेवणाचे ताट, फोन आणि वर्तमानपत्र दूर असावे. आणि शेवट होईपर्यंत कोणी बोलू नये. नंतर हवे तेवढे भांडावे. "मला आवडले नाही," असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, पण तो ऐकल्यानंतरच प्राप्त होतो. आमच्या भागातील महाविद्यालयांनी असे एखादे श्रोतृमंडळ काढले, तर त्यास एक खोली, एक बरा ध्वनिक्षेपक आणि एक तास, यांपलीकडे काही लागणार नाही.

त्या संध्याकाळी वडिलांचे मत बदलेलच असे नाही. कदाचित ते पंचवीस मिनिटांनंतरही तितक्याच ठामपणे म्हणतील की, हे आपल्याला रुचत नाही. आणि मुलगाही म्हणेल की, आलाप फार संथ आहे. म्हणोत. त्या वेळी दोघांनाही आपण कशाविषयी बोलतो आहो ते ठाऊक असेल. आज ते कोणासच ठाऊक नाही, आणि तरीही निकाल मात्र रोज दिला जात आहे.